दांड्याचा लसूण

१२ ऑक्टोबर

धाकट्या,

आशीर्वाद. लिहायची सवय आहे म्हणून लिहिला. तुझं पत्र मिळालं. इथे सगळं ठीक. गुडघा तसाच आहे; तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते.

"ताई, रविवारी बाबांचा लसूण लावतोय. तिन्ही जाती कशा ओळखू?" वा! बाबा वीस वर्षं अंगणात लावत होते, तेव्हा "बाजारात मिळत नाही का?" म्हणून दात काढायचास. ते गेल्यावर पंधरा दिवसांत मात्र गाडीची डिकी उघडून दारात हजर. "घर तुला, निदान लसूण तरी मला दे." जसं काही घर मी मागून घेतलं. शेवटची सात वर्षं त्यांचं अंथरूण कोण बदलत होतं, आणि ते खाटेवरून सांगतील तसे वाफे कोण लावत होतं?

तर ऐक. जांभळ्या रेघांचा तिखट. पांढऱ्याला चारच पाकळ्या, पण अंगठ्याएवढ्या. तपकिरी सालीचा चटकन सोलतो आणि चटकन खराबही होतो. तिन्हींची खूण एकच: गड्ड्याच्या मधोमध पेन्सिलीसारखा कडक दांडा, त्याभोवती पाकळ्या.

आता तुझ्या पिशवीतला एक गड्डा फोड. दांडा नाही ना? असणारही नाही. तो मी भाजीवाल्याकडून आणला होता. तीन महिने पिशवी घरात आहे, एकदाही फोडून बघावंसं वाटलं नाही तुला.

हसू नकोस. खरा लसूण तुझ्या नजरेला पडू नये म्हणून मी पत्र्याच्या डब्यात कोंबला, घट्ट झाकण लावलं आणि माळ्यावर टाकला. बाबा तो वाऱ्यावर टांगायचे. मला माहीत होतं. काल लावायला म्हणून डबा उघडला. आत काळा भुगा.

गड्डा पोसावा म्हणून बाबा कोवळे दांडे खुडायचे. जांभळ्याच्या वाफ्यात एक मात्र राखायचे. "हा आपला विमा," म्हणायचे. त्याच्या टोकाला फुलासारखा गेंद येतो, आत गव्हाएवढे दाणे. या वर्षीचा तुझ्या लेकीने तोडला, बाबा गेले त्याच दिवशी. भर माणसांत मी तिच्या हातावर चापट मारली. रडली पोर, पण फूल सोडलं नाही. तू लिहितोस, ते अजून तिच्या टेबलावर कोरड्या पेल्यात आहे.

बायकोला सांग, आवराआवरीत ते फेकू नको. दाणे सुटे करून बोटभर अंतरावर लाव. पहिल्या वर्षी नुसतं गवत दिसेल, उपटू नकोस. दुसऱ्या वर्षी बिनपाकळ्यांचा गोळा. तोच परत लाव. गड्डा तिसऱ्या वर्षी.

मला एकही दाणा पाठवू नकोस. माझ्याकडे आल्यावर काय होतं, ते कळलंच. आणि "जाऊ दे गं ताई" असलं काही लिहू नकोस, तुझा तो मोठेपणा मला सोसायचा नाही. भाचीला मात्र विचारून घे. फूल तिचं आहे.

तीनदा घासूनही डब्याचा वास न गेलेली,
ताई