पंतोजींची बैठक कोणाकडे जावी

मी भगवंतराव बिन यशवंतराव, धंदा पंतोजी, वय अदमासे एकसष्ट, राहणार अमरावती. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या भिडेस न पडता स्वखुशीने लिहून ठेवतो, ते येणेप्रमाणे.

कलम पहिले. राहते घर शाळेकडेच राहावे. पुतण्या चि. किसनराव म्हणतो, "काका, पोरायले झाडाखाली बसवा, घरात कापूस भरू." कापसाच्या या तेजीत गावात पाय ठेवायला जागा उरली नाही, हे मलाही दिसते. तरी माझ्या घरात कापूस भरू नये.

कलम दुसरे. माझी छडी किसनरावास द्यावी. लहानपणी ती सर्वांत जास्त त्यालाच लागली. माझे चुकले, बाळा. ती चुलीत घाल.

कलम तिसरे. चार वर्षांमागे मुले शाळा सोडून कापसाच्या बाजारात जाऊ लागली, तेव्हा मी शाळाच उचलून बाजारात नेली. मूठभर कापूस हाती घेऊन ऐटीत सांगितले, हा लांब धाग्याचा. तिथे मनकर्णाबाई कापूस निवडत होती. अकोल्याची, नवरा वारल्यावर इकडे आलेली. ती म्हणाली, "पंतोजी, काहून पोरायले खोटं सांगता? बोटानं ओढून तं पाहा."

ओढला. लगेच तुटला. मुले खो खो हसली. रागाने मी आठ दिवस त्या वाटेस फिरकलो नाही. नवव्या दिवशी माझी बैठक, म्हणजे ही जुनी सतरंजी आणि तक्क्या, तिच्यापुढे मांडली, तिला वर बसवले आणि मी खाली मुलांत बसलो. तेव्हापासून नियमच झाला, ज्याला येते त्याने बैठकीवर बसावे. दाऊद रंगाऱ्याने रंग शिकवले, नत्थुजी सुताराने काटकोन. आळीतल्या काहींनी यापायी माझ्या घरचे पाणी पिणे सोडले. त्यांस नमस्कार सांगावा, माझी पाण्याची घागर देऊ नये.

कलम चौथे. शाळा <s>व बैठक</s> मनकर्णाबाईस द्यावी. ती माझ्याकडे मोडी शिकली, आता माझ्याहून वळणदार लिहिते. मला मूलबाळ नाही. ते दुःख तिने मला आठवू दिले नाही.

येथवरचा कागद तिने स्वतः वाचला. डोळे पुसले आणि म्हणाली, "शाळा सांभाळतो मी. पण बैठक मले एकटीले काहून? नियम तुमीच केला ना? चुकलं तुमचं."

पुन्हा चुकलो आणि पुन्हा तिनेच सांगितले. या खेपेस आठ दिवस लागले नाहीत. सबब कलम चौथ्यातील बैठकीचे शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत. बैठक कोणा एकाची नाही.

मात्र माझे तेरावे झाल्यावर बैठक पहिल्यांदा अंथरशील तेव्हा, मनकर्णे, एवढे कर. खाली मुलांत एक जागा माझ्यासाठी मोकळी ठेव.

दस्तुर खुद्द भगवंतराव बिन यशवंतराव
साक्षीदार: दाऊद रंगारी, नत्थुजी सुतार
मुक्काम अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८६