मला पुढे बसवतात

ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आईला एवढंच वाचून दाखव.

आमच्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्या काकांची बायको गावी वारली. मालकाने रजा दिली नाही, म्हणून त्यांना जाता आलं नाही. सगळे समजूत घालत होते. मला मात्र इथे आल्यावर एकट्याने काढलेलं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हा कुणी धीर द्यायला लागलं की मला नकोसं व्हायचं. म्हणून मी त्यांच्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरून घड्या घालू लागलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "एखादी प्रार्थना म्हण." मी अडखळत म्हटली.

आता सुट्टीच्या दिवशी लॉन्ड्रीतले सगळे आमच्या खोलीत जमतात आणि प्रार्थना म्हणायला मला पुढे बसवतात. लॉन्ड्रीच्या गाडीचा ड्रायव्हर चिडवतो, "महाराज, दाढी वाढवा आता!"

पण ताई, प्रार्थना म्हणताना मला आत काहीच जाणवत नाही. लोकांना फसवतोय असं वाटतं. काल काकांना तसं सांगून टाकलं. ते म्हणाले, "आम्हाला तरी कुठे जाणवतं? म्हणून तर तू लागतोस."

तेव्हापासून झोप नाही. उद्या सुट्टी आहे, म्हणून हे फोनवरच पाठवतोय. मी बसू का गं पुढे?

आईचे गुडघे कसे आहेत?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा