एकोणतीसचा पाढा आणि कमिशनरचा आवाज

ती. रेखाताईस,

स्कोफिल्ड्सहून, लेकीच्या घरून, गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोघं लागतात.) तुझा गुडघा कसा आहे? दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू कधी काढणार? आम्ही इकडे खुशाल. नीरजा ट्रेनने ऑफिसला जाते, मी दर बुधवारी लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवतो, आणि या कामात मी वाकबगार आहे हे जावईबापूही मान्य करतात. पत्र मात्र नुसतं खुशालीचं नाही. तू रोज दुपारी तमिळ वाहिनी लावून, एक अक्षर कळत नसताना, माझा आवाज ऐकत बसतेस, म्हणून पुढचं तुला माझ्याकडूनच कळायला हवं. नीरजा या पत्राचा फोटो तुझ्या सूनबाईंना पाठवेल. रूपालीने ते मोठ्याने वाचून दाखवावं आणि सासूबाईंना त्रास नको म्हणून मधलं गाळू नये.

मद्रासच्या शाखेत मी ड्राफ्ट लिहीत बसलो असताना एका दिग्दर्शकाने माझे घारे डोळे आणि सहा फूट उंची पाहिली आणि मला थेट पोलीस कमिशनर केलं. (बँकेत तोवर कोणी हेडक्लार्कही केलं नव्हतं.) तिकडच्या सिनेमात दुष्ट माणूस उत्तरेकडून यावा लागतो, आणि त्यांच्या हिशेबी आपली सांगली हिमालयाच्या पायथ्याशीच. एकशे अठरा सिनेमे केले. त्यातल्या नव्वदांत मेलो, तेही बहुधा मध्यंतराआधी, त्यामुळे घरी लवकर येता यायचं. इथवर तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे, की मला तमिळ येत नव्हतं. अजूनही भाजी घेण्यापुरतंच येतं. पहिल्या दिवशी साहाय्यक संवाद सांगत होता आणि माझी जीभ वळेना, तेव्हा दिग्दर्शक म्हणाले, काहीही बोला, ओठ हलू देत, आवाज नंतर दुसरा माणूस भरेल. परप्रांतातल्या नटांसाठी तिथे ही रीतच होती. कोणी नुसते आकडे मोजायचे. मला पाठ काय, तर मास्तरांनी छडीच्या जोरावर घोकून घेतलेले पाढे. मग प्रेमळ प्रसंगाला बाराचा, कटकारस्थानाला सतराचा आणि संतापाला एकोणतीसचा. हीरोच्या बापाला गोळी घातली ती 'एकोणतीस चोक सोळोदरसे' म्हणत, म्हणजे एकशे सोळा. थिएटरात लोक ज्या आवाजाने थरथरले तो माझा नव्हता, ताई. एकाही सिनेमात नव्हता.

आता इथली हकिकत. शेजारच्या तमिळ इंजिनिअरने मला कचऱ्याच्या डब्यासकट ओळखलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "अंकल, यू आर द कमिशनर!" ब्लॅकटाउनला त्यांच्या पोंगलच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून या, जस्ट वन डायलॉग, नो वरीज. मी नाही म्हणायला हवं होतं. पण इथे आल्यापासून बारा वर्षांत मला कोणी कशालाच बोलावलेलं नाही (मराठी मंडळात मी 'नीरजाचे बाबा' म्हणून खुर्च्या मांडतो), आणि मोह झाला. अंगावर शाल पडली, चारशे माणसं उभी राहिली आणि 'डायलॉग, डायलॉग' सुरू झालं. तो डायलॉग त्या हॉलमध्ये पोराटोरांना पाठ होता, माझ्याखेरीज सगळ्यांना. मी घाबरून भुवई चढवली, बोट रोखलं आणि सवयीने, माझ्या या किनऱ्या आवाजात, एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्नपर्यंत शांतता होती. त्रिक सत्त्याऐंशीला पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. नीरजाने मान खाली घातलेली मला वरून दिसली. फार लाज वाटली.

तेवढ्यात मागून तो आवाज आला. काठी टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते, नजर माझ्या ओठांवर, आणि मी पाढा म्हणत होतो तसा ते डायलॉग म्हणत होते, अक्षराला अक्षर बसवून. हॉल दणाणला. हे तिरुवेंगडम. एका नटाला एक आवाज बसला की तिकडे शक्यतो बदलत नाहीत, त्यामुळे सगळ्या सिनेमांत माझ्यासाठी तेच बोलले. आमची गाठ मात्र कधी पडली नव्हती, कारण आवाज भरायचं काम शूटिंगनंतर महिन्यांनी, बंद खोलीत चालायचं. आता ते मेलबर्नजवळ डँडेनॉन्गला मुलाकडे असतात. फोनवर कार्यक्रमाची जाहिरात पाहिली आणि ज्या तोंडासाठी जन्म घालवला ते एकदा समोरून बघावं म्हणून मेलबर्नहून आले. मी खाली उतरून त्यांच्या पाया पडलो आणि माइकवर सांगून टाकलं, आवाज यांचा. मग सगळ्यांनी त्यांच्याबरोबर सेल्फी काढले. माझ्याबरोबर दोघांनी, त्यातली एक नीरजा.

घरी थालीपीठ खाताना त्यांनी विचारलं, एवढे दातओठ खाऊन तुम्ही मुळात म्हणत काय होता? तीस वर्षं त्यांना वाटत होतं की काहीतरी भयंकर असणार. मी पाढा सांगितला. इतके हसले की कवळी काढून ठेवावी लागली. भला माणूस आहे. आठवडाभर ठेवून घेतलाय. बाकी क्षेम.

तुझा धाकटा,
गुरुदत्त

ता. क. : कार्यक्रमाचा व्हिडिओ रूपालीच्या फोनवर येईलच. त्यातला माझा भाग बघू नकोस.

ता. क. दुसरा : अण्णा गेले त्या वर्षी, मी पाठवलेली कॅसेट पाहून तू लिहिलं होतंस की सिनेमात माझा आवाज हुबेहूब अण्णांसारखा लागतो, बापाचा गळा लेकात उतरलाय, डोळे मिटले की तेच घरात बोलतायत असं वाटतं. तेव्हाच खरं सांगायचं होतं. धीर झाला नाही. पुढे तू ती वाहिनी घेतलीस, मग तर तोंडच उघडेना. माफ कर मला.

ता. क. तिसरा, आणि खरं तर पत्र एवढ्यासाठीच : रविवारी दुपारी फोन येईल. नंबर अनोळखी असला तरी तूच उचल. तिरुवेंगडमना मराठी येत नाही. पण अण्णा कामाला निघताना काय म्हणायचे ते मी त्यांना सांगितलं, आणि दोन दिवस माझ्या ओठांकडे बघून त्यांनी ते बसवलंय : "रेखे, कडी लावून घे, मला यायला वेळ होईल." तू काय बोलशील ते त्यांना कळणार नाही. तरी बोल. ते फोन ठेवणार नाहीत.