हवेवर जगणारे जंतू

२० मार्च, सोमवार

साखर बंद करून नऊ दिवस झाले, आणि बाराही बाटल्या गढूळ! म्हणजे जंतू जिवंत आहेत, वाढताहेत. माणसाच्या आतड्यातला हा साधा जंतू. त्याच्यात आम्ही झाडांची विद्या घातली – हवेतला कार्बन वायू ओढायचा आणि त्याचंच अंग करायचं. मग चौदा महिने साखर थेंबाथेंबाने तोडत आणली. प्रत्येक बाटलीतलं कूळ वेगळं वाढवलं. आता म्हणे विद्या आली.

गिदोन, आमचा प्रमुख, दोन तास फोनवर. देणगीदार, मग बायको, मग पुन्हा देणगीदार. (इथे प्रमुखालाही सगळे नावानेच हाक मारतात. मला अजून जड जातं.) म्हणाला, निबंधावर पहिलं नाव तुझं. मी म्हटलं, आधी तपासू या. त्याने असं पाहिलं, जणू मी लग्नमंडपात नवरदेवाचे दात मोजायला मागितले.

२२ मार्च

प्रसिद्धी विभागाची बाई फोटो काढायला आली. जंतू हिरवे का नाहीत, असं विचारत होती. धुण्याच्या पाण्यासारखे दिसतात, हे तिला पसंत नाही. झोया प्रयोगशाळेची सगळी व्यवस्था बघते. रशियाहून येऊन तीस वर्षं झाली, हेल तसाच. तिने सुचवलं, मागे एक कुंडी ठेवा. ठेवली!

२६ मार्च, रविवार

झोप नाही. हे नक्की खातात काय?

अब्बांनी मला बारा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकवलं. धडा एकच – उत्तर आवडलं की पुन्हा तपास. शाळेत गेल्यावर कळलं, बाकीच्या मुली उत्तर आवडलं की पुढचा प्रश्न घेतात. त्या सगळ्या सुखात आहेत.

आज बाटल्यांत जड कार्बनचा वायू सोडला. जंतू खरंच हवा खात असतील, तर तो जड कार्बन त्यांच्या अंगात सापडेल. नसतील, तर नाही.

३० मार्च

बाराही नमुने तळघरातल्या यंत्राकडे पाठवले. माझ्या नावावर. गिदोन म्हणाला, कशाला तो खर्च, पण पाठव.

२ एप्रिल, रविवार

पहिल्या तीन बाटल्यांचा निकाल. शून्य. शून्य. शून्य. उरलेल्या नऊ वल्हांडण सणाचा आठवडा संपल्यावर. यंत्रावरचा माणूस उद्यापासून रजेवर.

कारण तासाभरात सापडलं. लोखंड पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून आम्ही लिंबूसत्त्व घालतो. हा जंतू हवेत वाढताना लिंबूसत्त्वाला तोंड लावत नाही, असं पुस्तकात आहे, म्हणून कुणी तपासत नाही. जंतूंनी पुस्तक वाचलेलं नाही! हवा पचवणं अवघड. लिंबूसत्त्व समोर वाढून ठेवलेलं. चौदा महिने आम्ही तपस्वी पाळले, आणि ते मागच्या दाराने भटारखान्यात जेवत होते.

गिदोनला सांगितलं. म्हणाला, मंगळवारी ठरवू.

४ एप्रिल, मंगळवार

गिदोनचा निर्णय: रविवारी देणगीदार पाहुणे ठरल्याप्रमाणे येतील. बाटल्या दाखवायच्या, बोलायचं कमी. मी म्हटलं, हे खोटं आहे. तर म्हणाला, "बाटली दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे, तिर्झा. नऊ निकाल बाकी आहेत ना अजून?" त्या नऊंवर त्याचाही भरवसा नव्हता. बाकी आहेत, एवढंच त्याला हवं होतं.

संध्याकाळी घरी खमीर शोधलं. आम्हा ज्यूंची वल्हांडणाच्या आदल्या संध्याकाळची रीत – मेणबत्ती, पीस, लाकडी चमचा. अब्बा या वयातही सोफ्याखाली पालथे. आंबवलेल्या पावाचा एक कण राहिला तरी घर बाटतं. मला कण दिसत नव्हते, बाटल्या दिसत होत्या.

५ एप्रिल, बुधवार

सगळे आपापल्या घरी, सापडलेलं खमीर जाळायला गेलेले. प्रयोगशाळेत मी आणि झोया. बाराही बाटल्या आणि त्याच जंतूंच्या गोठवलेल्या कुप्या जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात रचल्या. उरलंच नाही, तर दाखवणार काय?

झोया दारात उभी राहिली. "पोरी, तपासल्यास तीन. टाकतेस बारा."

मी म्हटलं, एकच पाणी, एकच लिंबूसत्त्व, एकच जंतू. वेगळं काय निघणार?

"एक कुपी ठेव. माझ्या बर्फात ठेवते, कुणाला सांगत नाही."

"कण म्हणजे कण, झोया."

झाकण तिनेच घट्ट केलं. वीस मिनिटं. शिळ्या सुपासारखा वास आला. घरी गेले तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती.

मग गिदोनला फोन करून सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला.

९ एप्रिल, रविवार

वाटलं होतं, आज नोकरी जाईल. पण गिदोन गिदोन आहे! पाहुण्यांसमोर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही तिर्झा. स्वतःचं चौदा महिन्यांचं काम हिने स्वतःच्या हाताने उकळून टाकलं, कारण ते खरं नव्हतं. आमच्याकडे मुख्य पीक हेच, खरेपणाचं."

टाळ्या. एका म्हाताऱ्या बाईंनी माझा मुका घेतला. आणखी पाच वर्षांचं अनुदान तिथल्या तिथे कबूल. मला कायमची जागा. फोटोत मला मधोमध उभं केलं. गिदोन बेखमीर भाकरीवर चीज लावून खात होता आणि प्रत्येकाला सांगत होता की त्याला पहिल्यापासून शंका होती.

झोया फोटोला आली नाही.

घरी अब्बा म्हणाले, शिकवलेलं वाया गेलं नाही. असं त्यांनी आधी कधी म्हटलेलं आठवत नाही.

१३ एप्रिल, गुरुवार

उरलेल्या नऊ बाटल्यांचे निकाल आले. आठ शून्य. अकराव्या बाटलीत जड कार्बन एक्याण्णव टक्के.

पुन्हा तपासायला काही उरलेलं नाही.

निकाल फक्त माझ्याकडे आलाय.