उडीसाठी आणलेली वाळू

खेळाचं हॉस्टेल सोडून घरी येते, हे आईला सांगितलंस, बापाला सांगितलंस, आणि घरात म्हातारी बसली आहे तिला सांगताना तुझी जीभ झडली का? मला ते शेजारच्या पुष्पाबाईकडून कळावं?

प्रिय दीपे, दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच. फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून कागद घेतला. इकडे बरं आहे. म्हैस व्यायली, पारडी झाली. कुरडया घातल्या, त्यातल्या अर्ध्या तुझ्या बापाने ओल्याच खाल्ल्या.

तुझ्या बापाने, भूषणने, केळीच्या दोन ओळी उपटून तुझ्या लांब उडीचा खड्डा केला, तेव्हा मी त्याला येडा म्हटलं होतं. अजून म्हणते. गिरणा नदीची वाळू दारात पडली, आणि आपल्याकडे दारात वाळू पडली की लोक समजतात, घर बांधताहेत, म्हणजे पोरीचं लग्न काढलं. पुष्पाबाईने लगेच जामनेरचं स्थळ आणलं. पाहुण्यांनी भरीत-भाकर हाणली, मग मुलाचे मामा विचारतात, "भाऊ, घरना पाया कोठे शे?" भूषणने त्यांना शेतात नेऊन खड्डा दाखवला. "आमनी पोर आठे उडी मारस." मामांनी खड्ड्याकडे पाहिलं, भूषणकडे पाहिलं, आणि चहा न घेताच निघाले. तुझी आई सुलक्षणा चुलीपाशी पदर तोंडात धरून हसत होती. स्थळ मोडलं म्हणून हसणारी आई मी तरी दुसरी पाहिली नाही. तुझ्या पायाला खडा लागू नये म्हणून तिने ती सगळी वाळू बाजरीच्या चाळणीने चाळली. माझी चाळण गेली कामातून.

निवडीत मागे पडलीस, ते कळलं. पडलीस तर पडलीस. पण आईचे शेतात हाल होतात म्हणून परत येते, हे तुझं बोलणं मला पटलं नाही. तुझी आई मजेत आहे. काल केळीला पाणी देताना मोठ्याने गात होती. बेसूर गाते, पण गाते.

आता ऐक. भूषण आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तुला सामानासकट आणायला निघणार आहे. सुलक्षणाने तुझी खोली झाडून ठेवली. दोघं तुला काही विचारणार नाहीत, पोरीच्या मनावर ओझं नको म्हणे. मी तेवढी गुणी नाही, म्हणून लिहिते. उडी नकोशी झाली असेल तर खुशाल ये. कोणी एक शब्द बोलणार नाही, मीही नाही, आणि ते मला किती जड जाईल तुला ठाऊक आहे. पण पुन्हा हरायची भीती वाटते आणि ती तू आईच्या नावावर खपवत असशील, तर तिथेच थांब आणि पुन्हा उडी मार.

तुझीच,
आजी भागाबाई

आखाजीच्या आधी फोन कर. मला नको. आईला तर नकोच, ती लगेच ये म्हणेल. बापाला कर, आणि तुझ्या उडीच्या सरांना बोलायला लावू नकोस. तूच बोल.