नकाशातला बिननावाचा ओढा

अण्णा, तुम्ही हातानं काढलेला ओढ्यांचा नकाशा काल पुन्हा पलंगावर पसरला. घरात आता मी एकटीच, जागेला तोटा नाही. नल्लकुंट्याच्या घरी तुम्ही तो नेमका जेवणाच्या वेळी जमिनीवर पसरायचात आणि आई ताटं घेऊन उभी राहायची. "मास्तरांना पगार पुस्तकातल्या नद्यांचा मिळतो, ओढ्यांचा नाही," म्हणायची. तुम्ही हसून नकाशा थोडा सरकवायचात, तेवढ्या जागेत एकच ताट मावायचं.

तेव्हा हिमायतनगरात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि शहराबाहेरच्या शेतांत प्लॉटचे पांढरे दगड. मैत्रिणी क्लासला जायच्या, मी रविवारी तुमच्यामागे चिखल तुडवत. ओढा निघतो कुठून ते चालत जाऊन पाहायचं आणि नाव काठावरच्या माणसांनाच विचारायचं, हा तुमचा नेम. एकदा दोन खडकांच्या फटीतून निघालेल्या एका ओढ्याच्या कडेनं आपण उतरत येतो. एक म्हातारी भांडी घासते आहे. तुम्ही विचारता, "अम्मा, इस वागू का नाम क्या है?" ती मानही वर करत नाही. "नाम कायकू, साब? वागू है, वागूच बोलते हमलोगाँ." वागू म्हणजे तेलुगूत नुसता ओढा. मी उन्हानं वैतागलेली. पलीकडे दगड रोवणारी माणसं दिसत होती. म्हटलं, लिहा हो काहीतरी, नाव नसलं तर उद्या ह्याच्यावरही प्लॉट पाडतील. तुम्ही कधी नव्हे ते चिडलात. "अक्का, आपण बारसं करायला आलो नाही!" मग परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मला दिलीत आणि हळूच म्हणालात, "घरच्याला नाव लागत नाही गं. तुझ्या आईला मी कधी नावानं हाक मारली?"

प्लॉट पडायचे ते पडलेच. तिथल्याच एका इमारतीत मी फ्लॅट घेतला, तुम्ही गेल्यावर. ओढा आता कंपाउंडखालच्या पाइपातून जातो आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये वर येतो. परवा सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. "मॅडम, कंप्लेंट लिखना है, इस नाले का नाम क्या है?" म्हटलं, "वागू." ते म्हणाले, "वो तो सबकोच बोलते, मॅडम." आणि गेले. मी दार लावलं. बँकेत, दवाखान्यात माझं पूर्ण नाव पुकारतात आणि मी उठते. अक्का म्हणणारं कुणी उरलं नाही. फार एकटं वाटतं, अण्णा.

हे पत्र टाकणार कुठे? नकाशाच्या घडीतच ठेवते. एक सांगायचं राहिलं. काल त्या ओढ्याच्या रेघेजवळ तुम्ही सोडलेल्या रिकाम्या जागी मी पेन्सिलीनं एक नाव लिहिलं. मुद्दाम, मनाला येईल ते. वाटलं, आता तुम्ही रागवाल. बराच वेळ वाट पाहिली. मग मीच खोडलं.