गोळ्या पाठवत नाही

प्रिय हिल्डा,

बोटवाल्या रोबेनने तुझा निरोप दिला. तुझ्या बेटावर रताळी दणकून पिकलीत, नवरा हेडमास्तर झाला, तू पुन्हा नेटबॉल खेळतेस, सगळं त्याने तोंडभरून सांगितलं. मी चादर पांघरून ऐकत होतो, कारण माझा ताप परत आलाय. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

एकाच आईची आपण, एकाच घरातल्या डासांनी फोडून काढलेली. महिन्या-दोन महिन्यांनी तुलाही हिवताप यायचा आणि मलाही. मग दवाखान्याने दोघांना त्या चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. तुझा ताप मुळासकट गेला, मी मात्र अजून कुडकुडतोय. न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला माणसं निवडली तेव्हा मी नेमका फणफणलेला होतो, आणि माझ्या जागी तुझा दीर गेला. त्याचं नवं पत्र्याचं घर माझ्या दारातून दिसतं. मी तिकडे पाठ करून बसतो.

तुला वाटतं, मी कंटाळून गोळ्या सोडल्या. आई तर जाईपर्यंत तुझंच कौतुक ऐकवायची, हिल्डाने बघ कशा निमूट घेतल्या. आता ऐक, आणि वाचताना लाज वाटली तर वाटू दे. भावाने बहिणीपुढे लघवीचा शब्द काढला तर आपल्याकडे डुक्कर देऊन भरपाई करावी लागते. मला गोळी द्यायचीस तू. तिसऱ्या दिवशी माझी लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली. सांगणार कसं? तू पाणी पुढे करायचीस, मी गिळायचो. शेवटी वाटेत कोसळलो, आउकीच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवलं. तिथली नर्स रुथी म्हणाली, "ही गोळी तुझ्या रक्ताला सोसत नाही. पुन्हा कुणी दिली तर थुंकून टाक, मग देणारा डॉक्टर का असेना." घरी हे सांगायचं तर पुन्हा लघवीवरच यावं लागलं असतं. म्हणून ताप डोक्यात गेला असं सगळ्यांना वाटू दिलं.

आता तुझ्या पोराला, तोआताला, तसाच ताप येतो म्हणून तू त्याच गोळ्या मागवल्यास. मी त्या पाठवत नाही. तू म्हणशील, दादा अजून जळतो. जळतोच. पण हा रक्तातला दोष आईकडून मुलग्यात उतरतो आणि मुलीच्या अंगात कधी कधी गप्प बसून राहतो. तुला सोसल्या म्हणून त्याला सोसतीलच असं नाही. इथल्या नर्सने त्याच्या वयाच्या मानाने साध्या तापाच्या गोळ्या दिल्यात, त्या सोबत पाठवतोय, त्याच दे आणि रोबेनच्याच बोटीने त्याला घेऊन ये. आता इथे आधी रक्त तपासतात. दरम्यान कुणी ती गोळी दिलीच, तर त्याच्या लघवीचा रंग बघ आणि काळी दिसली तर लगेच गोळी थांबवून दवाखाना गाठ. माझ्यापुढे हा विषय काढायला लाजू नकोस, डुक्कर मी देईन. जो तो म्हणतो पोरगा मामावर गेलाय, आणि तुझ्याकडचं एवढं तरी माझ्या वाट्याला आलं म्हणून मी मनातून फुगायचो. हिल्डा, रक्ताने तरी तो तुझ्यावर गेलेला असू दे.

तुझाच जळकुकडा दादा,
ओफानी